उष्टं भिंग

३ तारीख, सोमवार

ओठाच्या उजव्या कोपऱ्यात सकाळपासून मुंग्या येताहेत. दोनदा आरशात पाहिलं, काही दिसत नाही. हिरड्या मात्र सुजल्यात, आणि चहा असा झोंबला की कप तसाच ठेवला. गेल्या आठवड्यातल्या सर्दी-तापाची उष्णता असणार. दोन दिवस थंड दूध घ्यायचं, तिखट बंद. तोंड येतं तसं जातं.

दुकानात एक जुनं मनगटी घड्याळ आलंय, दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं. मी उघडायला घेतलं तर सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही दमलाय, मी बघते. मोतीबिंदू काढल्याला सहा महिने झाले, डोळा लख्ख आहे. पण चिमटा धरल्यावर हात जरासा हलतो. हे ती तोंडानं बोलत नाही. बारीक काम हळूच स्वतःकडे ओढून घेते आणि मला पट्टे बदलायला देते. चाळीस वर्षं हे टेबल मी चालवलं, तिला चिमटा धरायला मी शिकवलं, आणि आता मी पट्टे बदलतो.

४ तारीख, मंगळवार

उठलो तर ओठावर पाच-सहा बारीक फोड, पाण्यानं टच्च भरलेले, एकाला एक चिकटून बसलेले. आत गालालाही एक-दोन ठिकाणी सोलवटल्यासारखं झालंय. जबड्याखाली गाठ लागते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवलं. मी म्हटलं, उष्णता. तो म्हणाला, उष्णता नव्हे काका, विषाणू आहे; अंगात झोपून असतो, ताप आला की जागा होतो आणि ओठावर फुटतो. मलम दिलं. फोडातलं पाणी लागट असतं म्हणाला, थुंकीतूनही पसरतं. पेला वेगळा, टॉवेल वेगळा, मलम लावल्यावर हात धुवा, कुणाचे मुके घेऊ नका. या वयात कुणाचे घेणार, मी म्हटलं. आणि डोळ्याला हात अजिबात लावू नका, म्हणाला. मी त्याला सुनावलं की आमच्या धंद्यात डोळ्याला भिंग लावतात, हात नाही. तो हसला, मीही हसलो. हसताना फोड ताणला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

सूनबाईनं विचारलं, ओठाला काय झालं? चहानं भाजलं, म्हटलं. का खोटं बोललो, ते लिहायला हवं. खरं सांगितलं असतं तर टेबलावरून उठवलं असतं मला.

५ तारीख, बुधवार

आज डोकं फिरलं.

आमच्या टेबलावर भिंगं तीन. दोन नावापुरती. तिसरं माझ्या वडिलांचं, काळ्या शिंगाच्या कडेचं. बाकीच्या दोन्हींत कडेला सगळं वाकडं दिसतं, ह्यात केसासारखी स्प्रिंगसुद्धा सरळ दिसते. त्यामुळे बारीक काम असलं की ते माझ्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून माझ्याकडे, असं दिवसभर फिरत असतं. वडील काच कशी साफ करायचे? जिभेचा शेंडा लावायचा, अंगठ्यानं पुसायचं, की डोळ्याला. जिभेसारखा फडका नाही, म्हणायचे. मीही तेच करतो. हात आपोआप जातो.

जेवणाच्या सुट्टीत मी पाणी प्यायला मागे गेलो आणि परत आलो तर सूनबाई माझं भिंग स्पिरिटनं पुसत होती. कापूस, चिमटा, सगळं व्यवस्थित. म्हणजे हे आजचं नाही. स्पिरिटची बाटली इतक्या लवकर का संपते, ते आत्ता कळलं. मी विचारलं, माझं उष्टं चालत नाही का तुला? ती म्हणाली, तसं नाही बाबा, काच आहे ना, डोळ्याला लागते. मी म्हटलं, माझ्या बापाचा डोळा ऐंशीव्या वर्षी धडधाकट होता, आणि त्यानं सारं आयुष्य थुंकी लावली. डबा उघडलाच नाही. तसाच घरी आणला.

संध्याकाळी ती म्हणाली, परत नाही पुसणार बाबा, जेवा आता. बरं वाटलं. मोठ्यांचा मान राखावा इतकंच माझं म्हणणं.

७ तारीख, शुक्रवार

फोड फुटले. चिकट पाणी येतंय, कडेला पिवळी खपली धरायला लागलीय. दूध आणि मऊ भात. मलम दिवसातून चारदा लावतो, हात धुतो. पेला वेगळा ठेवलाय, टॉवेल वेगळा. औषधवाल्याचं सगळं तंतोतंत पाळतोय.

अकरा मिनिटंवाल्याची स्प्रिंग एका वेटोळ्यात अडकलेली निघाली. दिवसभर तेच काम. मी पाहायचं, सांगायचं कुठे चिकटलीय, भिंग तिच्याकडे द्यायचं, तिनं सोडवायची, पुन्हा माझ्याकडे. वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल. भिंग पुसायला तिनं कापूस घेतला नाही. दिलं तसं घेतलं, उजव्या डोळ्याला लावलं आणि चार वाजता स्प्रिंग मोकळी केली. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही. तिला तसं म्हटलं नाही. नुसतं हं म्हटलं.

१० तारीख, सोमवार

खपली सुकली. जेवणाला चव आली. म्हटलं नव्हतं का, आलेलं जातं.

१३ तारीख, गुरुवार

सूनबाईचा उजवा डोळा लाल झालाय. पाणी गळतंय, आत काही खुपतंय म्हणते, दिव्याकडे बघवत नाही. डोळे आलेत. साथ असेल. तिला डॉक्टरकडे जायचं होतं. मी म्हटलं, डोळे आले तर आले, चार दिवसांत जातील, त्याला डॉक्टर कशाला. मोतीबिंदूच्या वेळचे माझे थेंब कपाटात आहेत, अर्धी बाटली शिल्लक. असली औषधं मी टाकत नाही. स्वतः तिच्या डोळ्यात दोन थेंब घातले. लेकीला घालावेत तसे घातले, असं लिहिलं तर खोटं होणार नाही. मला लेक नाही.

१४ तारीख, शुक्रवार

लाली निम्म्यानं कमी. बघ, म्हटलं. तीही हसली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही डॉक्टरकी काढा. दिवसातून तीनदा घालतोय.

१६ तारीख, रविवार

चिरंजीवांचा फोन. तो पुलाच्या कामावर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. बायकोचा आवाज ऐकून म्हणाला, काय झालंय? ती म्हणाली, काही नाही, डोळे आलेत. मग पाठ फिरवून हळू आवाजात काहीतरी बोलली. मी कान दिला नाही, पण ऐकू आलंच: "धुकं पडल्यासारखं दिसतंय. उजव्यानं."

डावा डोळा चांगला आहे. दोन्ही डोळे का आले नाहीत, हा प्रश्न सकाळपासून मनात आहे. थेंब चालूच ठेवलेत.

१७ तारीख, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सूनबाईला एकटीला चालवत नव्हतं, उन्हात डोळा उघडत नव्हता. बाईंनी डोळ्यात पिवळ्या रंगाची पट्टी टेकवली, दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. मग मला बोलावून यंत्रातून बघू दिलं, सासरा म्हणून. बुबुळावर हिरवी चकाकती रेघ, तिला फाटे, फाट्यांना फाटे. झाडाची वाळकी फांदी असते ना, तशी. भिंगातून मी आयुष्यभर बारीक गोष्टी पाहिल्या, इतकी भयंकर बारीक गोष्ट पाहिली नव्हती.

बाई म्हणाल्या, हे डोळे येणं नव्हे. ओठावर फोड उठवतो तोच विषाणू डोळ्यात गेलाय. मग विचारलं, घरात हल्ली कुणाच्या ओठावर फोड आले होते का?

माझी खपली पडून गेलीय. फक्त गुलाबी डाग आहे आणि त्यावर मिशी. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. चांगल्या डोळ्यानं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, लक्षात नाही.

बाईंनी आम्ही सोबत नेलेली थेंबांची बाटली पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे थेंब अशा वेळी घालायचे नसतात, म्हणाल्या. वरवरची लाली जाते आणि आत तो मोकाट सुटतो. कुणी दिले? सूनबाई म्हणाली, घरात होते, मीच घातले.

मी तिथेच खुर्चीवर होतो. तोंडातून ब्र काढला नाही.

१८ तारीख, मंगळवार

मलम दिवसातून पाच वेळा. गोळ्या. उजेड बंद. दुकानाचं शटर अर्धं.

लिहवत नाही.

२० तारीख, गुरुवार

आज वही मागे चाळली. चार तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, डोळ्याला हात लावू नका. त्याखाली माझा विनोद. पाच तारखेला लिहिलंय, परत नाही पुसणार बाबा. सात तारखेला लिहिलंय, भिंग पुसायला तिनं कापूस घेतला नाही. सगळं ओळीनं लिहून ठेवलंय आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात काडीचा प्रकाश पडला नाही. पेला वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा ठेवला, आणि जीभ लावलेलं भिंग दिवसातून पंचवीस वेळा तिच्या हातात दिलं.

आणि खरं सांगायचं तर डोक्यात प्रकाश पडला नव्हता, हेही पुरतं खरं नाही. सात तारखेला एकदा, काच पुसताना, जिभेला ओठाची खपली लागली. तेव्हा मनात चाटून गेलं होतं. पण स्पिरिटनं पुसायला घेतलं असतं तर तिचं बरोबर होतं असं झालं असतं, म्हणून अंगठ्यानंच पुसलं. हे त्या दिवशी वहीत लिहिलं नाही. आज लिहितो.

माझा डोळा ठणठणीत आहे. तेच भिंग, तीच थुंकी, तोच ओठ. तिचाच डोळा का?

२१ तारीख, शुक्रवार

पट्टे आणायला जातो सांगून डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. सगळं सांगितलं. ओठ, भिंग, जीभ, थेंब. त्या ऐकत होत्या, मध्ये एकदा म्हणाल्या, जीभ? मी म्हटलं, हो, जीभ.

मग म्हणाल्या, विषाणू तुमचाच असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पुष्कळांच्या अंगात तो लहानपणापासून असतो, तिच्याही असेल, आपला आपण उठला असेल. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. लाज वाटते सांगायला, पण उतरला. मी विचारलं, म्हणजे माझा दोष नाही? त्या म्हणाल्या, त्या बाबतीत सांगता येत नाही. थेंबांच्या बाबतीत सांगता येतं. ते चार दिवस घातले नसते तर जखम इतकी खोल गेली नसती.

मी विचारलं, हे तुम्ही तिला सांगाल का? बाईंनी चष्मा काढला. "काका, तपासायला मी आहे. सांगायचं तुम्हाला आहे. आणि सोमवारीच सांगितलं असतंत तर मला औषध ठरवायला बरं पडलं असतं."

२२ तारीख, शनिवार

चिरंजीव आलाय. आज सांगायचं ठरवलं होतं. सकाळी तो बायकोला मलम लावत होता, ती डोळा वर करून बसली होती. म्हटलं दुपारी. दुपारी ती झोपली होती. चार वाजता चिरंजीव म्हणाला, बाबा, तुम्ही होतात म्हणून बरं, ती एकटी असती तर काय झालं असतं. मी चहा ठेवायला उठलो.

कबूल करायला जे शब्द लागतात ते मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. घड्याळ आमच्याकडून बिघडलं, माफ करा, आम्ही भरून देऊ. किती सोपं होतं.

२४ तारीख, सोमवार

सांगितलं.

चिरंजीव सकाळच्या गाडीनं गेला. दुकानात ती काळा चष्मा लावून मागच्या बाकावर बसली होती, टेबलाशी नाही. मी उभाच राहिलो. म्हटलं, ओठाला चहानं भाजलं नव्हतं. फोड होते. औषधवाल्यानं लागट आहे म्हणून बजावलं होतं. तरी मी जीभ लावत राहिलो आणि भिंग तुला देत राहिलो. आणि थेंब मीच घातले, डॉक्टरांसमोर तू तुझ्या अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं.

ती म्हणाली, "माहीत होतं मला. चहानं भाजलेलं असं दिसत नाही, बाबा. मी गेल्या सोमवारपासून वाट बघत होते."

मी म्हटलं, मग तू भिंग पुसलं का नाहीस? माझ्या पाठीमागे पुसायचं होतंस.

"तुम्ही जेवला नव्हता ना त्या दिवशी."

एवढंच. मी रुसलो, डबा तसाच परत आणला, आणि ती माझ्या रुसण्याची किंमत डोळ्यानं देत राहिली. मी हात जोडले. मनात होतं की आता ती म्हणेल, असू द्या बाबा. म्हणजे मी मोकळा. तिनं माझे हात खाली केले आणि म्हणाली, "असू द्या, असं मी म्हणणार नाही. मला राग आलाय. तो जाईपर्यंत तुम्ही सारखं माफी मागत माझ्यामागे फिरू नका. मला तुमची समजूत घालावी लागते मग, आणि माझा डोळा दुखतोय."

बरोबर आहे तिचं. मी आलो होतो तिची माफी मागायला की माझं ओझं तिच्या मांडीवर ठेवायला, मलाच कळत नाही.

२९ तारीख, शनिवार

मागे फिरत नाही. मलमाची वेळ झाली की घड्याळाचा गजर लावून ठेवतो, तिला ऐकू जातो. मी आत जात नाही. दूध तापवून झाकून ठेवतो. बोलणं कामापुरतं.

औषधवाल्याकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, तुम्ही बजावलं होतं. तो म्हणाला, कशाबद्दल? त्याच्या लक्षातही नव्हतं.

पुढचा महिना, ८ तारीख, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी निळा उजेड टाकला. फांदी गेली. बुबुळावर वण राहिलाय, ऐन मध्ये नाही, थोडा बाजूला. उजव्यानं वाचता येईल, म्हणाल्या, पण अगदी बारीक कामाला धूसर दिसेल. हळूहळू किती कमी होईल ते वर्षभरानं कळेल. पुन्हा उठूही शकतो, लाल झाला की त्याच दिवशी यायचं. घरातले कुठलेही थेंब घालायचे नाहीत. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान हलवली, आणि या वेळी तोंडानंही म्हटलं, नाही घालणार.

बाहेर आल्यावर सूनबाईनं विचारलं, डाव्या डोळ्यानं काम करणारा कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? मी आठवून आठवून पाहिलं. नाही, म्हटलं. खोटा धीर दिला नाही.

१४ तारीख, सोमवार

ती आज टेबलाशी बसली. नवीन भिंग आणलंय, तिच्या एकटीचं. डाव्या डोळ्याला लावते. डावा सरावाचा नाही. चिमटा एकीकडे जातो आणि स्क्रू दुसरीकडे राहतो. सकाळी तीन स्क्रू जमिनीवर गेले. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, राहू द्या, मी शोधते. मग म्हणाली, आणि बाबा, माझ्या मागे उभे राहू नका. मी पुढे गल्ल्यावर येऊन बसलो. पट्टे, सेल, काचा. आता माझं काम तेवढंच, आणि ते मीच मागून घेतलंय.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ जुनं खिशातलं घड्याळ घेऊन आले. माझ्या वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. आतल्या टेबलाकडे बघून मला हळूच म्हणाले, हे बारीक काम आहे, तुम्ही जुने, तुम्हीच हातात घ्या. त्या मुलीला देऊ नका.

माझ्या तोंडाशी नेहमीचंच उत्तर होतं. बघतो, ठेवून जा. आणि तेवढ्यानं निभावलंही असतं. मी म्हटलं, "बारीक काम त्या करतात. माझ्यापेक्षा चांगलं करतात. पण वेळ लागेल. माझ्या चुकीनं त्यांचा डोळा गेलाय."

सुनेला मी त्या म्हटलं, हे मलाही तोंडातून गेल्यावर कळलं. गृहस्थ गोंधळले. आतला चिमट्याचा आवाज थांबला. मी मागे वळलो नाही, वळायची हिंमत नव्हती.

"गेलेला नाही," आतून ती म्हणाली. "धूसर आहे. गिऱ्हाइकाला नीट सांगा, बाबा."

मी नीट सांगितलं.